नारळी पुनवेपर्यंत थांबलेली गाडी

माझे बाबा, दामाजी नाखवा, कोळ्याच्या पोटी जन्मले, पण होडीत पाय ठेवला की त्यांना मळमळायचं. कळव्याच्या खाडीकाठी अशा माणसाची काय किंमत असते ते सांगायला नको. भावकीने मनसोक्त चेष्टा केली आणि बाबांनी खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिकची नोकरी धरली. बत्तीस वर्षं बसखाली आडवं पडून काढली. बोलणं कमी. घरात आवाज असायचा तो आईचा, आणि पुढे माझा. मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका होते. घरीदारी सगळ्यांना शिकवत सुटायची खोड मला तेव्हापासूनची.

आई, भागीरथी, मासळीची पाटी घेऊन डोंबिवलीला जायची. तिथे एका डॉक्टरांच्या बंगल्यामागे फणसाखाली एक जुनी वुल्सली गाडी पडून होती. लढाईच्या आधी विलायतेहून आलेली, साऱ्या जिल्ह्यात तशी दुसरी नाही, असं डॉक्टरीणबाई सांगायच्या. आई त्या गाडीच्या पायरीवर पाटी टेकवायची आणि तिथेच बसून मासळी कापून द्यायची. सत्त्याऐंशी साली बंगला पाडून इमारत उठवायचं ठरलं, तेव्हा बाई आईला म्हणाल्या, "तुझा नवरा मेकॅनिक ना गं? भंगारवाल्याच्या हाती द्यायला जीव होत नाही. घेऊन जा."

बाबा तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. टेम्पोला दोर बांधून शीळफाट्यावरून गाडी घरी आली. पत्रा चाळणीसारखा झालेला, आत उंदरांचा संसार. मी म्हटलं, झालं, आता हे घर की भंगाराचं दुकान. आई मात्र गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाली, "मना यात बसून डोंबोलीला जायाचाय. ज्या गल्ल्या पाटी घेऊन हिंडलू, त्याच गल्ल्यांशी. एकदाच." एवढंच तिचं मागणं होतं. बाबांनी मान हलवली. त्यांच्या लेखी तो करार झाला.

चार वर्षं लागली. इंजिन बाबांनी सुटं करून पडवीभर मांडलं. जो भाग मिळेना, तो ओळखीच्या लेथवर बसून स्वतः घडवला. माझा धाकटा भाऊ उत्तम वागळे इस्टेटमध्ये वायरमन होता, त्याने वायरिंग केलं. त्या गाडीच्या नाकावर एक छोटा दिवा असतो, त्याच्या उजेडात गाडीचं नाव दिसतं. तो पहिल्यांदा पेटला तेव्हा आमच्या अबोल बाबांनी शेजाऱ्यांना हाका मारल्या होत्या. सीटांत काथ्या भरून आईने दाभणाने असे टाके घातले की चांगला कारागीर लाजावा. मी रविवारी पॉलिश पेपर घासायचे आणि बाकी सगळ्यांना सूचना द्यायचे.

दारांच्या पत्र्याखालचा लाकडी सांगाडा कुजला होता. तो होडी बांधणाऱ्या सुताराकडून सागवानात करून घेतला आणि त्याला बाबांनी होडीला लावतात तसं मुशी माशाचं तेल चोपडलं. वास असा की मांजरं गाडी सोडेनात. आई म्हणाली, "डाक्टराची गारी पार कोलीन करून टाकलीव." बाबा तेल घासत म्हणाले, "ही पन होरीच. चाकांवरची." हे वाक्य मी ऐकलं, आणि नको त्या वेळी मला ते आठवलं.

नव्वद सालापासून आईचं हृदय थकत चाललं होतं. पाटी सुटली, मग जिना सुटला. एक्क्याण्णवच्या आषाढात गाडी तयार झाली. मी लगेच बेत आखला. आमच्यात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय होडी पाण्यात घालत नाहीत. गाडीचंही तसंच करायचं. कोळीवाड्याला आमंत्रणं, बँड, आईला नवं लुगडं आणि ठेवणीतले दागिने, फोटोग्राफर. मी पत्रिकासुद्धा छापल्या. मला मिरवायचं होतं, दुसरं काही नाही. आयुष्यभर आमच्या बाबांना हसलेल्या भावकीला दाखवायचं होतं.

पत्रिका वाटून झाल्यानंतरच्या रविवारी सकाळी उत्तम ओव्हरटाइमला गेलेला. बाबांनी इंजिन चालू केलं. आई भिंत धरत धरत पडवीत आली. "अवो, चला ना आज. मना बरा वाटतंय."

बाबांनी हात पुसले आणि तिच्यासाठी दार उघडलं. मी मध्ये पडले. "आये, पुनवेला महिना ऱ्हायलाय. आधी काढायची नाय."

"जने, ती होरी नाय, गारी हाय," बाबा मला म्हणाले.

"तूच होरी बोललेलास ना, तेल लावताना? मग नियम पन होरीचाच. आधीच आयची तब्येत अशी, विषाची परीक्षा कशाला घ्यायची?"

या शेवटच्या वाक्यापुढे बाबांचं काही चालेना. त्यांनी आईकडे पाहिलं. आई हसली आणि म्हणाली, "ऱ्हाऊद्या. पोरीन पत्रिका वाटल्यान, तिचा शब्द पराला नको." बाबांनी दार लावलं. इंजिन बंद केलं. मी मनातून खूश झाले, हे मला लिहायलाच हवं.

पौर्णिमेला अकरा दिवस राहिले असताना आई पहाटे झोपेतच गेली. सारा कोळीवाडा खाडीवर नारळ घेऊन निघाला, त्या दिवशी आमच्याकडे तिचं बारावं होतं.

बाराव्याला मावशी, रंगूबाई, सगळ्यांसमोर बाबांवर तुटून पडली. "चार वरसा गारी बनवलीव, नि माजे भैनीला एक फेरा नाय मारलाव? कोनी आरवलेला तुमाला?"

अडवणारी मी दारातच उभी होते. तोंड उघडायला गेले, त्याच्या आत बाबा म्हणाले, "मीच. पुनव होऊदे बोललू."

मी गप्प राहिले. लाज वाटली, भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. रात्री त्यांना विचारलं, बाबा, तू असं का बोललास? ते म्हणाले, "तुला या गावान आजून लय वरसा काढायची हायत. माजी किती ऱ्हायली?"

त्यांची सात राहिली होती. त्या सात वर्षांत कळव्यात त्यांची एकच ओळख झाली: नियमापायी बायकोची शेवटची इच्छा मोडणारा म्हातारा. ते दर रविवारी गाडी पुसायचे, इंजिन चालू करायचे, थोडा वेळ ऐकत उभे राहायचे आणि बंद करायचे. गाडी रस्त्यावर कधीच आली नाही. मी एकदा म्हटलं, काढ ना रे बाबा, नाहीतर गंजेल. ते म्हणाले, "कोनाला बसवू?"

अठ्ठ्याण्णव साली बाबा गेले. बायका जमल्या. ऐंशीची मावशी कोपऱ्यात बसून पुन्हा तेच म्हणू लागली, गेलेल्याला नावं ठेवू नयेत, पन माजे भैनीला यान गारीन बसवली नाय. या वेळी मला ते सोसवेना. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. पत्रिका, मिरवणं, उघडलेलं दार, सगळं. "मावशे, बाबान नाय, मी आरवलेला आयला."

मावशीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बापाचा दोस आपले डोक्यावर घेतंस? लेक असावी त अशी." बाकीच्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मी आईची शपथ घेऊन पुन्हा सांगितलं, तशी तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि कोणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं.

साक्षीला कोणाला बोलावणार? त्या रविवारी पडवीत आम्ही तिघंच होतो.