राजीनामा न देणारे भावोजी

आमच्या भावोजींना एखाद्या जागेवरून उठवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. ताईला बघायला अंबाडीहून आले ते सकाळच्या पोह्यांना, आणि उठले रात्रीचं जेवून, कारण मध्ये कुणी "या आता" म्हणालंच नव्हतं. लग्नाला गेले की मांडववाले बांबू सोडायला लागले तरी हे शेवटच्या खुर्चीवर. यजमानांनी निरोप दिल्याशिवाय निघणं म्हणजे त्यांचा अपमान, असं भावोजींचं ठाम मत.

तर हे भावोजी ऐन उमेदीपासून काल्हेरच्या एका गोदामात ट्रक भरून घ्यायचं काम करत होते. मालकाने गोदाम बंद केलं आणि सगळ्यांपुढे छापील राजीनामे ठेवले. सही करा, महिन्याचा जादा पगार घ्या. बाकीच्यांनी केली, बिचाऱ्यांना घरं चालवायची होती. भावोजींनी पेनाला टोपण लावून ते परत दिलं.

"मी काम सोडलेला न्हाय, शेठ. तुमी काढताय. तसा लिवून द्या."

हा नुसता हट्ट नव्हता. कामगाराला काढलं तर नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. त्याने आपणहून सोडलं तर ती गेली. माझ्या भाचीच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी त्या भरपाईवरच अवलंबून होती. युनियनवाल्याने बजावलं होतं, "उद्या म्हणतील, हा स्वतःच यायचा बंद झाला." झालं! भावोजी रोज डबा घेऊन बंद गेटवर जाऊ लागले, ते शिफ्ट सुटेपर्यंत तिथेच. वॉचमन म्हणायचा, "चाचा, ताला लगा है, घर जाओ." हे त्यालाच विचारायचे, "तू मालक हाय का?" ताई चिडायची, "गेटाची राखण करायला भाकरी कशाला लागते?" पण भाकरी एक जास्तच बांधायची.

भावोजींच्या तक्रारीवर कामगार कार्यालयात मालकाचा माणूस खरंच म्हणाला, की याने काम सोडलं. तेव्हा तोच वॉचमन साक्षीला उभा राहिला. "झूठ है साहब. ये तो रोज आते थे." मालकाला नमतं घ्यावं लागलं. भरपाई मिळाली.

कॉलेजात फी भरून मी आणि भावोजी परत आलो. ताईने चहा ठेवला. मला वाटलं, भावोजी आज खुशीत असतील. त्यांनी फीची पावती नीट घडी घालून ठेवली. मग हळूच म्हणाले, "हक्काचा मिळाला रं. पन आता या वयात मला कामावर कोन घेल?"

मी दोन-चार गोदामांची नावं सांगत राहिलो. त्यांच्याकडे बघायचा धीर मात्र मला झाला नाही.