वायफायचं सोवळं

एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले रंगनाथ गायधनी लॅपटॉपवर लिनक्स ही खुल्या कोडची प्रणाली घालून सोवळं पाळू लागले. आतला कोड न दाखवणारं काहीही त्यांना चालत नसे. त्यापायी घरात स्मार्टफोनही नव्हता. पण ड्रायव्हर नावाच्या, कंपनीने कोड झाकून ठेवलेल्या प्रोग्रामवाचून वायफाय चालेना, आणि संध्याकाळी नात वेदिका व्हिडिओवर गाणं म्हणणार होती.

“अहो, पोराने पेनड्राइव्हवर दिलाय तो ड्रायव्हर घाला की,” साधनाताई म्हणाल्या.

“आत काय आहे ते दिसत नाही, ते मी घेत नाही.”

“माझ्या काळ्या मसाल्याचा रस्सा जन्मभर ओरपलात. कधी विचारलंत, आत काय आहे?”

तत्त्व तर मोडायचं नव्हतं. रंगनाथरावांनी माउस बायकोकडे सरकवला, कुठे दाबायचं ते सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून बसले. वेदिकाचं गाणं सुरू होताच मात्र खुर्ची ओढत म्हणाले, “सरक जरा, मला दिसत नाहीये.”