जायफळ, गणपती आणि तिसरा गोल

आमच्या घरचा गणपती एकदा बटाट्यांवर किसला गेला.

यात बटाट्यांचा काही दोष नव्हता. गणपतीचा तर नाहीच नाही. दोष सगळा माझा, आणि थोडासा इंग्लंडच्या फुटबॉलचा.

मी तेव्हा श्टुटगार्टला डॉक्टरेट करत होतो. (म्हणजे करतो आहे असं पुण्याला कळवत होतो.) पण त्याआधी वर्षभर उत्तर इंग्लंडातल्या एका गिरणीयंत्रांच्या कारखान्यात उमेदवारी केली होती, आणि तिथून येताना लोक लोकरीचे स्वेटर आणतात तसा मी एक फुटबॉल क्लब घेऊन आलो. क्लबचं नाव सांगत नाही. उगाच त्यांची बदनामी नको.

हा क्लब मी जर्मनीत बसून, भिंतीवर एक भलामोठा तक्ता लावून सांभाळत असे. लीग निळ्या पेन्सिलीनं, कप लाल पेन्सिलीनं, आंतरराष्ट्रीय सामने हिरव्या. दर शनिवारी संध्याकाळी रेडिओला कान लावून मी निकाल ऐकायचो. निवेदक पहिल्या संघाचं नाव असं काही सूर लावून म्हणायचा, की दुसऱ्याचं काय झालं ते आकडा येण्याआधीच कळायचं. आमच्या क्लबचं नाव तो बहुधा दुखवट्याच्या सुरात घेई.

लग्न होऊन सुमन आली तेव्हा तिला हे सगळं समजावून सांगणं भाग होतं.

"अहो, पण लीग असताना पुन्हा कप कशाला?"

"लीग म्हणजे संसार," मी म्हणालो. "वर्षभर रेटायचा. आज आमटी खारट झाली तर उद्या सुधारता येते. कप म्हणजे लग्नकार्य. एकदा विस्कटलं की गेलं!"

"आणि ते हिरवं?"

"इंटरनॅशनल. खेळाडू आपापल्या देशाकडून खेळायला जातात. माहेरपणच ते."

"मग परत येतात ते दमून येत असतील," सुमन म्हणाली. इतकं नेमकं विश्लेषण मी रेडिओवरही ऐकलेलं नव्हतं.

जानेवारीत आमचा क्लब कपाच्या सामन्यात बरोबरीत अडकला आणि सामना पुन्हा खेळायचा ठरला. मी इतका कासावीस झालो, की सुमनला म्हणालो, "देव पाण्यात ठेव!"

आता देव म्हणजे काय, तर एक सुपारी. विमानाच्या वजनात पितळी मूर्ती बसेना, म्हणून सासूबाईंनी पूजेच्या पुडीत एक गोल गरगरीत सुपारी देऊन सांगितलं होतं, "हाच तुमचा गणपती." सुमननं ती एका पांढऱ्या वाडग्यात पाणी घालून ठेवली. आमच्या खोलीत जागा नव्हती (टेबलावर तक्त्याच्या पेन्सिली होत्या), म्हणून वाडगा गेला सामाईक स्वयंपाकघरात, खिडकीच्या कट्ट्यावर, मिठाच्या बरणीशेजारी.

आणि क्लब जिंकला!

झालं. त्या दिवसापासून माझा नियमच झाला. सामना लीगचा असो, कपाचा असो, इंग्लंडचा असो, देव पाण्यात. आणि वाडगा तिथंच, मिठाच्या बरणीशेजारी. पुढच्याच फेरीत क्लब कपातून बाहेर पडला, तेव्हा चौकशीअंती असं निघालं की कुणीतरी मिठाची बरणी हलवली होती.

ती बरणी आमच्या घरमालकीणबाईंची, फ्राउ बॉयर्ले यांची. त्यांचे यजमान हेर बॉयर्ले त्सुफेनहाउझेनच्या एका कारखान्यात फिटर होते आणि फुटबॉलच्या बाबतीत अत्यंत हळवे होते. जागा बघायला गेलो त्याच दिवशी त्यांनी विचारलं होतं, "हेर लिमये, फुटबॉलमध्ये तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

जागा फार छान होती. खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसत होते.

"जर्मनीच्या!" मी म्हणालो.

हे खोटं सहासष्ट सालच्या जुलैपर्यंत बिनबोभाट टिकलं. मग दोन गोष्टी एकदम झाल्या. इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी वर्ल्ड कपच्या फायनलला पोचले. आणि सुमनला सातवा महिना लागला.

आमच्या मीटफर्ट्रागमध्ये, म्हणजे भाडेकरारात, 'दोन माणसं' असं स्पष्ट टाइप केलेलं होतं. तिसऱ्याचा उल्लेख नव्हता. करार जुलैअखेर संपत होता. आम्ही दुसऱ्या जागा पाहिल्या. सुमनच्या पोटाकडे बघून लोक अतिशय अदबीनं दार लावून घेत. शेवटी मी धीर करून हेर बॉयर्लेंना विचारलं.

"आल्झो, म्हणजे असं बघा," ते म्हणाले. "बाळ म्हणजे रात्री रडणार. मला पहाटेची पाळी असते. शनिवारी फायनल बघायला तुम्ही दोघं खाली या, जेवायलाच या. मॅच झाली की सांगतो."

मॅच झाली की! म्हणजे आमच्या बाळाचं छप्पर आता जर्मनीच्या जिंकण्यावर टांगलेलं होतं, आणि बाळाचा बाप मनातून इंग्लंडच्या बाजूचा! मला रात्री झोप लागेना. जर्मनी जिंकावी असं मनाला बजावून पाहिलं. मन ऐकेना. त्यात मोसमभराचा हिरवा रकाना भरलेला होता.

शनिवारी सकाळी सुमननं न सांगताच देव पाण्यात ठेवायला काढले.

"आज आपल्या खोलीतच ठेवते," ती म्हणाली. "खाली त्यांच्याकडे पाहुणे आहेत, स्वयंपाकाची गडबड असेल."

"छे छे!" मी ओरडलो. "जागा बदलायची नाही! मिठाच्या बरणीशेजारी!"

तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि वाडगा नेऊन ठेवला.

दुपारी आम्ही खाली गेलो. हेर बॉयर्ले होते, त्यांचे मेहुणे ओटो होते (हे सहसा बोलत नसत, नुसते बघत), आणि टेबलावर बटाट्याच्या लगद्याचा वाफाळता डोंगर होता. सुमन पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली.

"अहो," ती माझ्या कानाशी लागली, "वाडगा रिकामा आहे."

एवढ्यात फ्राउ बॉयर्ले किसणी हातात घेऊन आल्या. "हे बघा! माझं जायफळ कुणीतरी पाण्यात टाकलं होतं! पुसून घेतलं, पण दगडासारखं झालंय. हात दुखला किसून किसून. तरी अर्धं घातलंय हं, पाहुणे आहेत म्हणून."

त्यांनी मूठ उघडली. आत अर्धा गणपती होता.

इकडचे लोक बटाट्यावर जायफळ किसतात हे मला ठाऊक होतं. सुपारी हुबेहूब जायफळासारखी दिसते हेही ठाऊक होतं. फक्त ही दोन ज्ञानं माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटली नव्हती. आता सांगावं, तर मिठाच्या बरणीशेजारी देव का, आणि देव पाण्यात कशासाठी, सगळंच सांगावं लागणार. इंग्लंडसाठी! आजच्या दिवशी! या घरात!

"काय झालं?" हेर बॉयर्लेंनी विचारलं.

"काही नाही. वास फार छान येतोय," मी म्हणालो.

"मला पोटात जरा जड वाटतंय," सुमननं सफाईनं ताट सरकवलं. सातव्या महिन्याला कुणी आग्रह करत नाही. मला सातवा महिना नव्हता. मी डोळे मिटले, मनातल्या मनात हात जोडले आणि प्रसाद म्हणून दोनदा वाढून घेतलं. चव तुरट होती. हेर बॉयर्लेंचे कान हळूहळू लाल झाले आणि कपाळावर घाम आला.

"आज जायफळ जोरदार आहे," ते म्हणाले. "अंगात ताकद आल्यासारखी वाटते!" ओटोंनी मान हलवली आणि आणखी वाढून घेतलं.

मॅच सुरू झाली. जर्मनीनं पहिला गोल केला. हेर बॉयर्लेंनी मला मिठी मारली. इंग्लंडनं बरोबरी केली. मी मांडीला चिमटा घेऊन दुःखी चेहरा केला. इंग्लंडचा दुसरा गोल झाला, तेव्हा आनंद लपवायला मला खोकावं लागलं. आणि संपायला एखादं मिनिट उरलं असताना जर्मनीनं दोन-दोन केले! ओटो चक्क बोलले. "टोर!" म्हणाले, म्हणजे गोल. हेर बॉयर्लेंनी मला पुन्हा मिठी मारली आणि या वेळी माझ्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

जादा वेळ सुरू झाला. इंग्लंडच्या खेळाडूनं सणसणीत फटका मारला, चेंडू वरच्या दांड्याला लागून खाली आपटला आणि बाहेर आला. आत पडला की रेषेवर पडला? पंच लाइन्समनकडे धावला. पंचानं हात केला.

"गोऽऽऽल!!"

ही आरोळी माझी होती. मी खुर्चीवर उभा होतो. दोन्ही हात वर होते.

फ्राउ बॉयर्लेंच्या हातातली कॉफीची किटली अर्ध्यात थांबली. ओटो वळले आणि माझ्याकडे बघू लागले. हेर बॉयर्लेंचे लाल कान पांढरे झाले. माझ्या डोळ्यांपुढून द्राक्षांचे मळे, खिडकी, बाळाचा पाळणा, सगळं एका रांगेत निघून गेलं.

"पेटका!" सुमन जर्मनमध्ये ओरडली. "पेटका आला त्यांच्या पोटरीत! नेहमी येतो! असेच ओरडतात!"

धन्य ती बाई! मी तत्काळ खुर्चीवरून कोसळलो. फ्राउ बॉयर्ले धावल्या, त्यांनी माझा पाय धरला आणि असा काही पिळला, की त्यानंतरच्या माझ्या आरोळ्यांच्या खरेपणाबद्दल कुणालाच शंका उरली नाही.

पण हेर बॉयर्ले अजून माझ्याकडेच बघत होते.

"हेर लिमये," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही इंजिनिअर आहात. तुम्ही सांगा. चेंडू आत होता?"

मी जमिनीवर, पाय फ्राउ बॉयर्लेंच्या मांडीवर. समोर सुमन, एक हात पोटावर. नुसती बघत होती. माझ्या डोक्यात निळी, लाल, हिरवी पेन्सिल एकदम फिरली.

"नव्हता," मी म्हणालो.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" हेर बॉयर्ले गरजले. "लिहून द्या!"

त्यांनी कागद आणला. मी जमिनीवर बसूनच आकृती काढली. दांड्याची जाडी, चेंडूचा व्यास, पडण्याचा कोन, रेषेची रुंदी. प्रबंधात इतकी सुबक आकृती मी कधी काढली नव्हती. खाली निष्कर्ष लिहिला, 'सबब, चेंडू पूर्णपणे आत गेला नव्हता', आणि सही ठोकली. हेर बॉयर्लेंनी कागद दोन्ही हातांनी धरून वाचला. शेवटच्या क्षणी इंग्लंडनं चौथाही गोल केला, तिकडे त्यांनी नीट पाहिलंसुद्धा नाही.

मॅच संपली. इंग्लंड जगज्जेते झाले आणि मला हसायची सोय नव्हती.

"आल्झो," हेर बॉयर्ले म्हणाले, "आज या घरात एक खरा माणूस निघाला. तुम्ही राहा. बाळ रडेल, रडू दे. आज मीसुद्धा रडलो." आणि त्यांनी करारावरचं 'दोन' खोडून 'तीन' केलं. ओटोंनी साक्षीदार म्हणून सही केली.

देव वाडग्यात नव्हता, पण माझा जीव मात्र भांड्यात पडला. जिना मी लंगडत चढलो (फ्राउ बॉयर्लेंमुळे). सुमननं उरलेला अर्धा गणपती 'आठवण म्हणून' मागून घेतला होता. तो टेबलावर ठेवून ती खाली बसली आणि रडायलाच लागली. मग हसायला लागली. मीही. इतकं सुटल्यासारखं मला परीक्षा पास झाल्यावरही वाटलं नव्हतं.

"पण बघ हं," मी डोळे पुसत म्हणालो, "अर्धा किसला गेला, तरी देव इंग्लंडला पावला!"

"इंग्लंडला?" सुमन म्हणाली. "इंग्लंडसाठी कोण ठेवतंय देव पाण्यात? आज जागेसाठी ठेवले होते. त्याआधी दर वेळी तुमच्या प्रबंधासाठी."

मी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. आमचा क्लब त्या मोसमात इतके सामने का हरला, ते मला प्रथमच कळलं.

हेर बॉयर्लेंनी तो कागद चौकट करून बैठकीत टांगला. आम्हाला मुलगी झाली, ती त्याच चौकटीखाली रांगायला लागली. दोन-अडीच वर्षांनी एकदा त्यांच्या कारखान्यात इंग्लंडहून एक इंजिनिअर आला. हेर बॉयर्लेंनी त्याला मुद्दाम घरी आणला आणि भाषांतर करायला वरून मला बोलावलं. मला माझाच निष्कर्ष एका इंग्रजाला इंग्रजीत, खड्या आवाजात वाचून दाखवावा लागला.

त्याचं बोलणं अगदी माझ्या क्लबच्या गावचं होतं. तो शांतपणे म्हणाला, "हे लिहिणारा गाढव कोण?"

"होता कुणी तरी भाडेकरू," मी म्हणालो. "गेला सोडून."

तेवढ्यात आमच्या कन्येनं चौकटीतल्या सहीकडे बोट दाखवलं आणि अभिमानानं सगळ्यांना सांगितलं, "माइन पापा!"

मराठी तिला समजायचं, पण बोलायची ती जर्मन. आणि पापा म्हणजे कोण, हे दुर्दैवानं इंग्रजांनाही कळतं.