माल्साना की माल्साता?

पाहुण्या बाई कॉटवर थरथरत होत्या. अंग घामानं चिंब, नजर ठरत नव्हती. मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात कॅज्युअल्टीला स्टाफ नर्स होते.

बाई हंगेरीच्या, सत्तरीच्या. नाव इलोना. सोबत मेश्राम गुरुजी, गावातले रिटायर मास्तर. गुरुजी टपालानं एस्पेरांतो शिकले होते. ही कोण्या एका देशाची नाही, मुद्दाम घडवलेली भाषा. त्याच ओळखीवर बाई त्यांच्याकडे जंगल पाहायला आलेल्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं.

"काय म्हणून राह्यल्या?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिमार आहो म्हणतात," गुरुजी म्हणाले.

पल्स फास्ट होती. डॉक्टरांना हार्टचा संशय आला. "ईसीजी काढा. चंद्रपूरले रेफर करू, अॅम्ब्युलन्स बोलवा."

बाई पुन्हा तोच शब्द पुटपुटल्या. मी ईसीजीच्या लीड लावता लावता विचारलं, "गुरुजी, बिमारले त्यांच्या भाषेत काय म्हणतात?"

"माल्साना. साना म्हणजे तब्येतीनं चांगला. समोर माल जोडलं का अर्थ उलटा होते."

मी कान बाईंच्या तोंडाशी नेला. "मले तर ना नाई, ता ऐकू येऊन राह्यलं. माल्साता."

गुरुजींनी वाकून बाईंचं पुटपुटणं पुन्हा ऐकलं. मग हळूच म्हणाले, "साता म्हणजे पोट भरलेला."

"मग उलटा?"

"उपाशी."

"शुगरची गोळी घेतात का त्या?"

"सकाळीच घेतली. सफारीची घाई होती. डबा देल्ला होता, पण आमचं तिखट त्याईले जमलं नाई."

गोळी घेऊन पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर घसरते. वेळ गेला तर माणूस बेशुद्ध पडतो. मी बाईंच्या बोटाला सुई टोचून ग्लुकोमीटर लावला. शुगर फारच खाली होती. बाईंना गिळता येत होतं, म्हणून ग्लुकोजचं पाणी घोट घोट पाजलं. पंधरा मिनिटांनी शुगर चढली, थरथर थांबली. ईसीजी नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी अॅम्ब्युलन्स रद्द केली. माझ्या डब्यातला फिका वरण-भात बाईंनी पूर्ण संपवला.

गुरुजी व्हरांड्यात डोकं धरून बसले होते.

"एका अक्षरानं बाई गेल्या असत्या माह्या हातून."

"शब्दाची फोड तुमीच केली ना गुरुजी? मले का समजणार होतं?"

हे मी नुसतं समजूत घालायला म्हटलं नव्हतं. चूक माझीही होती. ग्लुकोमीटर माझ्यासमोर ट्रेमध्येच पडला होता. घामेजलेला, गोंधळलेला पेशंट आला की आधी शुगर पाहायची. भाषा मागून समजली तरी चालते.