फाट्यापर्यंत सोडायला येणारे बाबा

"आण ती पिशवी हिकडं. तू मोकळा चल."

पळून जाणाऱ्या माणसाच्या हातातली पिशवी काढून घेऊन स्वतःच्या खांद्याला अडकवणारा राखणदार तुम्ही कुठं बघितलाय का? मी बघितलाय. तीन वेळा त्यांच्या खांद्यावर माझीच पिशवी होती.

केज तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत, एका माळावर मिशनवाल्यांचं व्यसनमुक्ती केंद्र आहे. राहायला पत्र्याची एक लांबलचक खोली, स्वयंपाकघर, प्रार्थनेची छोटी खोली आणि पुढं लोखंडी फाटक. त्या फाटकाला कुलूप नव्हतं. तिथं खुर्ची टाकून जे बसायचे ते बाबा. नाव सांगत नाही. आमच्यापैकी फार जणांना ते ठाऊकही नव्हतं. सत्तरीला टेकलेले, काळे, ठेंगणे, डोक्याला मळका रुमाल. स्वतः एके काळी अट्टल पिणारे. "लोक दारू पितात, मी घरावरचे पत्रे पिलो," असं स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

मी पाटोद्याकडचा. सहकारी दूध संस्थेत गवळ्यांच्या दुधाचं फॅट काढायचं काम करायचो. दुष्काळ पडला, जनावरं चारा छावणीत गेली, दूध आटलं. हाताला काम राहिलं नाही, आणि प्यायला मला तेवढं निमित्त पुरलं. खरं सांगायचं तर दूध होतं तेव्हाही पीतच होतो. एकदा तर टाईट होऊन फॅट काढायला बसलो आणि अख्ख्या गावाच्या दुधाला एकच फॅट लावून मोकळा झालो. म्हशीवाले बोंबलले, गायवाले मात्र खूश. चेअरमननी चार माणसांत कानाखाली वाजवली आणि म्हणाले, "नोकरी ठेवतो, पण आधी त्या मिशनवाल्यांकडं जाऊन शुद्धीवर ये."

त्याच्याही आधी माझी बायको मंगल घराबाहेर पडली होती. पगारदार माणसाची बायको, पण मी घर पिऊन बसलेलो, म्हणून तिला भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जावं लागलं. ट्रकमध्ये चढताना म्हणाली, "हंगाम संपला की मी येणार. तवा तुमी शुद्धीवर सापडले तर संसार. न्हाई तर मी उमापूरला माहेरी उतरते, परत म्हणून यायची न्हाई." मंगल बोलते ते करते. माझ्या पाचावर धारण बसली होती, पण ती भीती घालवायला मी पुन्हा प्यालोच. असा माणूस मी.

केंद्रात यायला निघालो तर चुलतभाऊ म्हणाला, तिथं बाटवतात, संभाळून राहा. फाटकाशी पोचताच मी बाबांना छाती काढून विचारलं, "मला ख्रिस्ती करणार का?"

बाबांनी मला खालून वर न्याहाळलं. "मला प्रभूनं माणसं फाट्यापर्यंत सोडायला ठिवलंय. बाकीचं आत इचार. आधी जेव."

नवव्या दिवशी माझं टाळकं सरकलं. अंगावर मुंग्या चालल्यासारखं होत होतं, हातातला पेला दातावर वाजत होता, आणि आत प्रार्थनेच्या खोलीत पेटी वाजत होती ती डोक्यात घण घातल्यासारखी. मी पिशवी उचलली आणि फाटकाकडं निघालो. मला वाटलं, म्हातारा आडवा येणार, मग ढकलून देऊ. तर म्हातारा उठला, माझी पिशवी घेतली आणि दुसऱ्या हातात दुधाचा रिकामा कॅन घेतला. "फाट्याला जातोच हाय तर येताना पाणी बी आणतो," म्हणाले.

वाटेत दारूचा शब्द नाही, देवाचा नाही. म्हैस परवडती का जर्सी गाय, एवढाच विषय. मला त्यातलं कळत होतं, म्हणून मीही तावातावानं बोलत होतो. फाट्यावर ग्रामपंचायतीची काळी टाकी होती, तिच्यात टँकरनं पाणी टाकायचे. बाबांनी नंबर लावून कॅन भरला. एसटीचा पत्ता नव्हता. बाबा वाकले, कॅनला हात घातला, "आई गं" म्हणाले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"जरा हात लाव बे. त्या बाभळीपर्यंत."

दुधाच्या कॅनला दोन कान असतात. भरलेला कॅन दोघांनीच उचलायचा. जन्मभर मी तेच केलेलं. एक कान धरला. बाभळीपर्यंत गेलो. मग ओढ्यापर्यंत. मग म्हातारा इतका दमला की त्याला तिथं सोडून जाणं म्हणजे माणुसकीला काळिमा. फाटकात पोचलो तेव्हा जेवणाची घंटा झाली होती, आणि मागं दीड किलोमीटरवर माझी एसटी निघून गेली होती.

पंधराव्या दिवशी पुन्हा तेच. या वेळी तर बाबा ओढ्यात मटकन बसलेच. म्हातारा माझ्या पापानं मरतो की काय, असं वाटून मी कॅन जवळपास एकट्यानं ओढत आणला.

नंतर मंगलच्या भावाचा फोन आला. पाण्यावाचून ऊस वाळला, हंगाम लवकर संपणार, टोळी महिनाभरात परत. आनंद व्हायला हवा होता. मला घाम फुटला. ती येणार, माझ्याकडं बघणार, आणि मी तिला पुरा पडणार नाही, हे माझ्या मनानं घेतलं. पिशवी उचलली आणि फाटकाशी जाऊन म्हणालो, "बाबा, आज तुमची चाल चालायची न्हाई. कॅनला मी हात लावणार न्हाई."

"नको लावू की. कावून लावायचा? तुझी पिशवी दे."

या वेळी एसटी वेळेवर आली. बाबांनी खिडकीतून पिशवी दिली. मग भर फाट्यावर, पाणी भरणाऱ्या बायांसमोर, डोक्याचा रुमाल काढून मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, हा निघाला. माझी नजर केजपर्यंत पुरत न्हाई, तू बघ." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. गाडी हलली. मागं वळून बघितलं तर म्हाताऱ्यानं कॅन उचलला, दहा पावलं गेला, टेकवला, कमरेवर हात. मी तोंड फिरवलं. केजला उतरलो तो थेट दुकानात.

पुढचे अकरा दिवस कसे गेले ते सांगून मी तुमची करमणूक करणार नाही. बाराव्या दिवशी दुपारी स्टँडच्या भिंतीशी जाग आली. पायात एकच चप्पल. समोरून ऊसतोड्यांचा ट्रक चालला होता. संसार बांधलेला, वर बाया बसलेल्या. त्यातली एक मंगलसारखी दिसली. ती मंगल नव्हती. पण काळजाचं पाणी झालं. एका ओळखीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून पाचच्या गाडीत बसलो.

फाट्यावर उतरलो. टाकीपाशी बाबा कॅन घेऊन उभे होते.

"आलास? लाव हात."

बस, एवढंच. कुठं होतास नाही, किती प्यालास नाही. ओढ्यापाशी मी रडायला लागलो. बाबा म्हणाले, "रड. रडत रडत बी कॅन नेता येतो. फकस्त सांडू नको."

नंतर आठवड्यानं काय झालं ते ऐका. पहाटे तोंड धुवायला बाहेर आलो, तर फाट्याकडून बाबा येताना दिसले. भरलेला कॅन एका खांद्यावर! एकटे! गाणं गुणगुणत, लग्नाला निघाल्यासारखे झपझप. मी तोंडात ब्रश तसाच धरून बघत राहिलो. आचाऱ्याला विचारलं तर तो पोट धरून हसला. बाबा म्हणे सहकारी साखर कारखान्याच्या गोदामात हमाल होते. क्विंटलची पोती पाठीवर वाहिलेली. आणि केंद्राचं पाणी? ते दूध संघाच्या टँकरनं हौदात येत होतंच. कॅनचं पाणी जायचं फाटकाजवळच्या कुंडात, माळावरच्या शेळ्यांना.

मी तणतणत बाबांपुढं उभा राहिलो. "तुमी मला फसवलं!"

"पाणी खरं व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

"वजन खरं व्हतं का न्हाई?"

"व्हतं."

"मग फसवलं कुठं बे?"

"आन त्या दिवशी मी एसटीतून बघितलं, तवा दहा पावलांवर टेकवला तो?"

"तू बघत व्हतास म्हणून."

इतके हसले की रुमाल गळ्यात आला. मग तो पुन्हा बांधता बांधता म्हणाले, "मला बापानं खुट्याला बांधून ठिवलतं. दावं तोडून पळालो तो तीन वरसं घराचं तोंड बघितलं न्हाई. बांधलेला माणूस सुटला की लई लांब पळतो. त्याच्या संगं चालत गेलं की जरा जवळ ऱ्हातो."

त्या अकरा दिवसांत बाबा रोज पाचच्या गाडीला फाट्यावर जात होते, हेही मला आचाऱ्यानंच सांगितलं. बाबा स्वतः कधी बोलले नाहीत. हे ऐकून मला जे वाटलं ते माझ्या बापाबद्दलही कधी वाटलं नव्हतं. नंतर मी पिशवी उचलली नाही.

हंगाम संपला. मंगल ट्रकमधून मधेच उतरून थेट केंद्रावर आली, कोयता पिशवीत तसाच. बाबांनी तिला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मला हाक मारली. मी समोर उभा राहिलो, तर तिनं माझा पंजा आपल्या हातात घेतला, बोटं पसरली आणि बघत बसली. बोटं थरथरत नव्हती. "लई वाळले की हो," एवढं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. बाबा उगाचच शेळ्यांना हाकायला लागले. मंगल उमापूरला गेली नाही.

पुढं बेताचा पाऊस झाला, संस्था सुरू झाली, मी पुन्हा फॅट काढायला बसलो. महिन्यातून एकदा बाबांकडं चक्कर असायचीच. मंगल त्यांच्यासाठी शेंगदाण्याची चटणी द्यायची. दुसऱ्या उन्हाळ्यात केंद्राच्या पाळकांचा, म्हणजे तिथल्या पाद्र्यांचा, फोन आला. बाबा गेले. जेवून खुर्चीत बसले, ते बसलेच.

मला हुंदका आवरेना. मंगलनं पिशवी भरून दिली आणि दारात माझा हात धरून म्हणाली, "जावा. पण तसेच परत या." तिची भीती मला कळत होती. ती खोटी नव्हती.

केंद्रामागच्या माळातच पुरायचं ठरलं होतं. जमीन म्हणजे नुसता मुरूम. बाबांनी फाट्यापर्यंत सोडलेली किती तरी माणसं आली होती. आम्ही पाळीपाळीनं पहार चालवत होतो. खड्डा पुरा झाला, बाबांची शवपेटी जवळ आणली, गाणं सुरू झालं. मी पहार हातात घेऊनच पहिल्या रांगेत उभा होतो. आता थोड्या वेळात मूठभर माती टाकायची, तेवढ्यासाठी मी आलो होतो.

आणि माझी नजर फाटकाकडं गेली. चारच दिवसांपूर्वी आलेला एक माणूस पिशवी घेऊन बाहेर पडत होता. खुर्ची रिकामी. सगळे इकडं. पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केलेली.

मी त्याला मनातल्या मनात सणसणीत शिवी घातली. मेल्या, आजच निघायचं होतं का तुला! आणि पहार टाकून पळत सुटलो.

ओढ्याशी त्याला गाठलं आणि पिशवी घेतली. तो युसूफ वडगाव या गावचा होता, हात लटलट हलत होते. "परत न्यायला आलाव का?" म्हणाला. मी म्हणालो, "न्हाई. सोडायला." पण मला बाबांसारखं बोलता येईना. कॅन आणायचाही राहिला. फाट्यावर एसटी उभीच होती. तो चढला, मी खिडकीतून पिशवी दिली, आणि तो गेला.

आता खरं सांगतो. धाब्याच्या मागं दुकान उघडं होतं. माझ्या खिशात पैसे होते. तिकडं बाबांना माती देत होते आणि मी इकडं, हात हलवत. घशाला अशी कोरड पडली, जशी वर्षभरात पडली नव्हती. पाय दुकानाकडं वळलेही होते. तेवढ्यात टाकीपाशी एक बाई म्हणाली, "भाऊ, एवढा हंडा डोक्यावर द्या की." दिला. मग दुसरीला दिला. मग तिसरीला. टाकी संपेपर्यंत मी हंडे उचलत होतो. दंड भरून आले तेव्हा परत फिरलो.

कबर बुजवून झाली होती. पाळक म्हणाले, "कुठं होतास? तुझी माती राहिली."

"एकाला फाट्यावर सोडायला गेलतो."

"आला का परत?"

"न्हाई. गेला."

पाळकांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी वरूनच मूठभर मुरूम टाकला आणि लहान पोरासारखा रडलो.

मंगलला फोन केला. म्हणालो, थोडे दिवस इथंच राहतो. ती म्हणाली, "अजून जरा बोला." जीभ जड आहे का, ते ती ऐकत होती. मी बोलत राहिलो, सगळं सांगितलं. ऐकून म्हणाली, "मग ऱ्हावा."

दुसऱ्या दिवशी पाचच्या गाडीला मी फाट्यावर होतो. गाडी थांबली. दोन बाया उतरल्या, एक म्हातारी उतरली. तो नव्हता. कंडक्टरनं दार धरून विचारलं, "यायचंय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "एकाची वाट बघतोय."