थांब कोणाला म्हणालो

सध्या माझी पोस्टिंग दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका कारखान्याच्या गेट नंबर दोनवर आहे. हुद्दा सिक्युरिटी सुपरवायझर. शस्त्र म्हणाल तर एक पेन आणि एक वॉकीटॉकी. आम्ही राहतो त्या अल नहदाहून कंपनीची बस पहाटे पाच दहाला सुटते. मी पाचला खाली उभा असतो. इन्फंट्रीत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनवर आलो, सवय काही जात नाही. मी फौजी होतो हे कळलं की गेटवर पहिला प्रश्न ठरलेला: "कितने मारे?" मी रजिस्टर पुढे सरकवतो आणि सही मागतो.

हा प्रश्न घरात येईल असं मात्र वाटलं नव्हतं. गेल्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता सई, माझी नववीतली मुलगी, इंग्रजीचा गृहपाठ घेऊन समोर बसली. युद्धावरच्या दोन लघुकथा. पहिलीत सैनिक नदीवर पाणी भरणाऱ्या शत्रूला गोळी घालतो. दुसरीत शत्रू मोजे वाळत घालताना दिसतो, म्हणून सैनिक बंदूक खाली घेतो. दोघांची तुलना करायची. त्यासाठी तक्ता आखलेला: कॅरेक्टर ए, कॅरेक्टर बी, आणि पुढे 'मॉरल चॉइस' असा इंचभर रकाना. सईने तो इंग्रजीत भरलाही होता. ए क्रूर, बी दयाळू.

"बाबा, यू वर अ सोल्जर. चेक करा ना."

"दुसऱ्या गोष्टीत पुढे काय होतं?"

"नथिंग. ही गोज होम."

"आणि तो मोजेवाला कुठे जातो?"

"बाबा, इट्स जस्ट अ कम्पॅरिझन!"

माझं डोकं सणकलं. मी वही मिटली, आणि जरा जोरातच मिटली.

"अहो, पोरीवर कशाला राग काढताय?" स्वयंपाकघरातून बायको म्हणाली.

बरोबर होतं तिचं. राग सईवर नव्हताच. गोष्ट सोयीची होती तिथे लिहिणाऱ्याने थांबवली, आणि तक्ता आखणाऱ्याने तिच्याभोवती चौकट मारली, त्याचा राग होता. सोमवारी सई हेच वर्गात उभी राहून बोलणार होती. माझ्या मुलीच्या तोंडून हे मला सहन होईना. मग तिच्या आईलाही जे कधी पूर्ण सांगितलं नव्हतं, ते मी तिला सांगितलं. सांगताना भीती एकच होती, ही पोर आता मला कुठल्या रकान्यात टाकणार.

तेव्हा मी नाईक होतो, हवालदाराच्या एक पायरी खाली. ताबारेषेवरची पुढची चौकी, बर्फ नुकतं वितळलेलं. माझा जोडीदार शिपाई दत्ताराम, संगमेश्वरचा. चहात एवढं आलं घालायचा की घसा सोलून निघे. पहाऱ्याचं ड्रिल आम्हाला तोंडपाठ होतं. समोर कोणी आला की एकाने 'थम!' म्हणून ललकारायचं. त्याच क्षणी दुसऱ्याने बाजूला सरकून कव्हर द्यायचं.

सकाळी पाच चाळीसला स्टँड-टू झालं, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन मोर्च्यात. धुकं होतं. पाच बावन्नला साठेक मीटरवर एक माणूस दिसला. अंगावर घोंगडी, खांद्यावर काठीसारखं काहीतरी. त्या बाजूने मेंढपाळही यायचे. मी मुख्यालयाशी बोलायला रेडिओ उचलला.

"सामने मूव्हमेंट. एक आदमी. ओव्हर."

"अपनी कोई गश्त बाहर नहीं. ओव्हर."

"गडरिया हो सकता है. ओव्हर."

"डिस्क्रेशन तुम्हारा. आउट."

डिस्क्रेशन म्हणजे ठरव तू आणि भोगही तूच. त्या शब्दाची मला अजून चीड येते.

दत्ताराम कुजबुजला, "उस्ताद, मारू?"

मी म्हणालो, "थांब."

मला म्हणायचं होतं, दत्ताराम, गोळी झाडू नकोस. पण आवाज मोठा निघाला. दत्तारामला 'थम' ऐकू आलं. मी ललकारलं असं समजून तो ड्रिलप्रमाणे वाळूच्या पोत्यांची आड सोडून डावीकडे सरकला. समोरचा माणूसही थांबला. घोंगडी खाली पडली आणि गोळ्यांचा एक बर्स्ट आला. मग मी फायर केला. पाच त्रेपन्नला तो आणि दत्ताराम, दोघेही पडलेले होते. त्या माणसाजवळ काठी नव्हती, रायफल होती.

चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं: ललकारल्यावर शत्रूने गोळीबार केला. मी कोणालाही ललकारलं नव्हतं. तरी मी सही केली.

सईने मिटलेली वही पुन्हा उघडली. म्हणाली, "सो बाबा, आर यू ए ऑर बी?"

"एका मिनिटात दोन्ही. आणि तेव्हा मला दया आली होती, भीती वाटली होती, की बोटं गारठली होती, हे मला आजही सांगता येत नाही. तुझ्या त्या बी-ला तरी सांगता येतं का, विचार."

तिने 'क्रूर' खोडलं. 'दयाळू' खोडलं. तक्त्याखाली पट्टीने तिसरी ओळ आखली आणि दत्तारामचं नाव घातलं.

"ह्यांचा चॉइस काय लिहू?"

"त्याला चॉइस मिळालाच नाही. त्याने माझं ऐकलं."

तिने ते इंग्रजीत लिहिलं. मग पेन थांबवून मराठीत विचारलं, "बाबा, थांब कसं लिहायचं?"

इथे वाढलेली पोर, देवनागरी तिला नीट येत नाही. मी पेन घेतलं आणि तिच्या वहीत आधी 'थम' लिहिलं, त्याखाली 'थांब'. फरक फार नाही, ती म्हणाली. नाहीच. शिपाई दत्ताराम तेवढ्याच फरकाने गेला.