मामाच्या मांजरीचे कान

माझ्या मामेबहिणीइतक्या मायेनं लोकांना दचकवणारी बाई अख्ख्या अलिबाग तालुक्यात सापडणार नाही. तुम्ही निवांत चहा पीत बसलात की पाठीमागे ताटली आदळलीच म्हणून समजा. चहा सांडलात की टाळी वाजवून म्हणणार, "पास!" तिला बघायला आलेल्या मुलाच्या हातातले पोहे असेच थेट माझ्या डोक्यावर आले आणि तिनं तिथल्या तिथे होकार दिला. "कान शाबूत आहेत, बाकीचं शिकवता येईल."

दोष तिच्या कामाचा. काही अँटिबायोटिक्स जीव वाचवतात, पण ज्यांच्यामुळे ऐकू येतं त्या कानातल्या नाजूक केसपेशी मारतात. हे ती नखाएवढ्या पट्टेरी माशांवर तपासते. तशाच पेशी माशांच्या अंगावर असतात, त्यांच्यामुळेच त्यांना प्रवाह कळतो. धडधाकट मासा धारेकडे तोंड करून ठाम राहतो. पेशी गेल्या की पाचोळ्यासारखा वाहून जातो. "माशाला विचारावं लागत नाही, दादा. माणूस भिडेखातर हो म्हणतो."

यंदा थळला मामाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, पायाची जखम चिघळली, विष अंगात भिनलं आणि नेमकं तसलंच इंजेक्शन द्यावं लागलं. दुसरा इलाज नव्हता. कागदावर सही तिनंच केली. मामा वाचला. पण तिची झोप उडाली. दर रविवारी येऊन ती त्याच्या पाठीमागे झाकणं, चमचे, शेवटी चाव्या पाडू लागली. बारीक किणकिणते आवाज आधी जातात म्हणे. समोर मांजर घेऊन ओट्यावर जाळं विणत बसलेला मामा मान न वळवता ओरडायचा, "ऐकलं गो बाय, ऐकलं!" आमचा जीव तेवढ्यापुरता भांड्यात पडायचा.

एका रविवारी शेजारणीनं बोंबील वाळत घातले आणि मांजर तिकडे पळाली. चावी पडली. मामा विणतोय. पुन्हा पडली. मामा विणतोय. मी हाक मारणार, तेवढ्यात बहिणीनं माझा हात धरला. मांजर परतली, मामासमोर बसली. चावी पडली, मांजरीनं कान टवकारले, आणि लगेच, "ऐकलं गो बाय!"

मामा इतके दिवस मांजरीच्या कानांनी ऐकत होता.

"माशांच्या त्या पेशी पुन्हा उगवतात ना गं?" मी हळूच विचारलं.

"उगवतात. माशांच्या." मग म्हणाली, "उद्या कानाच्या डॉक्टरकडे नेते अण्णांना."

ती मामाच्या समोर जाऊन बसली, ओठ नीट दिसतील अशी. "अण्णा, पास."

"मंग? मी सांगत न्हवतो?" मामा खुशीत म्हणाला.

जेवताना तिनं आपल्या ताटातला बांगड्याचा मधला तुकडा मांजरीपुढे ठेवला आणि तिच्या कानामागे कितीतरी वेळ खाजवत राहिली.